सकाळी पावणेसातचा बिघाड

कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला की काउंटरपलीकडचा मुलगा पहिल्या दोन मिनिटांत बहुतेकदा एकच वाक्य बोलतो. "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे विंडोजचा भाग पुसून तो नव्याने टाकायचा. मशीन हळू चालतंय? फॉरमॅट. मध्येच अडकतंय? फॉरमॅट. प्रिंटर दिसत नाही? तरी फॉरमॅट. त्या मुलाचा मला राग येत नाही. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर नाहीतर शरणपूर रोडवर टीचभर टेबलावर सकाळपासून मशीनं येऊन पडलेली असतात, प्रत्येकाच्या मालकाला ती संध्याकाळपर्यंत हवी असतात, आणि फॉरमॅटने त्यातली बरीच खरोखर सुधारतात. शिवाय ते चालू असताना दुसऱ्या मशीनचा स्क्रू काढता येतो. पण ज्या दुखण्याचा सॉफ्टवेअरशी संबंधच नाही, ते फॉरमॅटला पुरून उरतं आणि गिऱ्हाईक घरी पोचून स्थिरस्थावर झाल्यावर पुन्हा डोकं वर काढतं.

माझ्या वडिलांचं मशीन या जातीचं निघालं. जुन्या सिडकोतल्या आमच्या घरी ते पुढच्या खोलीत, खिडकीखाली असतं. एप्रिल 2014 मध्ये विंडोज एक्सपीचे अपडेट बंद झाले, त्यानंतर घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. त्या फुकटाकडे पुढे यायचंच आहे.

बाबा निवृत्त शिक्षक. पहाटे उठून चहा झाला की ते मशीनपुढे बसतात आणि भावकीची वंशावळ टाइप करतात. त्र्यंबकेश्वरला आणि पंचवटीत क्षेत्रोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात. विधीला आलेला माणूस आपलं गाव, आडनाव, आजा-पणजा सांगतो आणि उपाध्ये ते उतरवून घेतात. त्या वह्यांतून, कुठे मोडी वाचून घेऊन, बाबांनी सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावचे लोक गोळा केलेत. कोणाची मुलगी कुठे दिली, कोण दत्तक गेला, कोण मुंबईला गिरणीत लागला आणि परत आलाच नाही. निवृत्तीनंतर लोक योगासनं करतात, बाबा पणजोबा शोधतात.

तर थंडीच्या दिवसांत हे मशीन सकाळी टाइप करता करता फट्कन बंद पडायचं आणि आपलं आपणच पुन्हा सुरू व्हायचं. स्क्रीनवर ना निळा पडदा, ना एखादी सूचना. निळा पडदा लोकांना घाबरवतो, पण मला तो आला की बरं वाटतं, कारण तो येतो म्हणजे विंडोजला निदान काहीतरी बिनसल्याचं कळलं आणि ते लिहून ठेवायला सवड मिळाली. काहीच न बोलता मशीन गेलं, तर बहुतेकदा वीजच पायाखालून निघून गेलेली असते, किंवा प्रोसेसर फार तापल्यामुळे मदरबोर्डाने स्वतःच खटका ओढलेला असतो. म्हणजे शोध कुठे घ्यायचा नाही, एवढं तरी तेवढ्यावरून ठरतं. या बिघाडात फॉरमॅटला काही कामच नव्हतं.

तरी तो झाला होता. माझ्या भावाने मशीन दुकानात नेलं होतं. तिथे फॉरमॅट झाला, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासून झाल्या (हा उपाय हसण्यावारी नेऊ नका, रॅमचा दोष असेल तर तो अनेकदा लागू पडतो), आणि शेवटी "बोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या" असा निकाल लागला. मशीन दुकानात दिवसभर चाललं, एकदाही बंद पडलं नाही. बोर्ड गेला असेल तर तो दुकानात कसा काय चालतो, असं भावाने विचारलं नाही. त्याला नवीन लॅपटॉप घ्यायला निमित्तच हवं होतं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि पहिली नोकरी अंबडच्या एमआयडीसीत केली, कंट्रोल पॅनेलच्या टेस्टिंगला. तिथल्या आमच्या सिनियरांची एक खोड होती. एखादं पॅनेल ट्रिप झाल्याचा फोन आला की काय जळलं, कुठला रिले गेला, हे ते विचारायचेच नाहीत. ते विचारायचे, "किती वाजता? आणि त्या वेळी शेजारी काय चालू झालं?" समोरचा वैतागायचा. पण वेळ कळली की अर्धी कंपनी संशयातून सुटायची. रात्रपाळीतच होतं? मग दिवसा चालणारी सगळी मशीनं बाजूला. फक्त सोमवारी सकाळी? मग रविवारी गार पडलेलं काहीतरी. मुळापासून दुरुस्ती शिकायची असेल तर मल्टिमीटर हातात धरण्याआधी हे शिकावं, असं मला अजून वाटतं. आपल्याकडे उलटं चालतं. पार्ट बदलायची घाई असते, कारण पार्टचे पैसे मागता येतात, विचार केल्याचे नाही.

घरच्या कॉम्प्युटरला वेळ विचारणं फारच सोपं आहे, कारण तो स्वतःची डायरी लिहितो. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी असते. तिच्यात 6008 क्रमांकाची नोंद म्हणजे मागच्या वेळी मशीन अनपेक्षितपणे बंद पडलं, अमुक तारखेला, अमुक वाजता. तिच्यासोबत बहुधा 41 क्रमांकाची, कर्नल-पॉवरची नोंद असते, म्हणजे नीट शटडाऊन न होताच मशीन पुन्हा उठलं. मी बाबांच्या मशीनवर ती यादी काढली. सहा बेचाळीस. सहा पन्नास. सहा अडतीस. सहा सत्तेचाळीस. फॉरमॅटच्या आधीच्या नोंदी अर्थातच पुसल्या गेल्या होत्या, ही त्या इलाजाची आणखी एक मेहेरबानी. पण उरल्या तेवढ्या पुरेशा होत्या.

"बाबा, पावणेसातला घरात काय होतं?"

"काय होणार? मी टाइप करत असतो."

"आई काय करत असते?"

आईने स्वयंपाकघरातूनच उत्तर दिलं. "नळ येतो. मी मोटर लावते. तुझ्या बाबांना इतक्या वर्षांत कधी मोटर लावायला सांगितलीय का मी?"

आमच्याकडे नळाचं पाणी अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून एक हॉर्सपॉवरची मोटर ते गच्चीवर चढवते. मोटरचं बटण मागच्या दाराजवळ, कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, मध्ये दोन भिंती. एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने "गेलं पुन्हा!" म्हणून ओरडायचं, असं घरात रोज घडत होतं, पण त्या दोन गोष्टी कधी एका वाक्यात आल्या नव्हत्या.

मोटर थांबलेल्या स्थितीतून फिरायला लागते तेव्हा क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. घराचं वायरिंग जुनं असेल, कुठे स्क्रू सैल असेल, तर तेवढ्या क्षणापुरतं सगळ्या घराचं व्होल्टेज बसतं. पूर्वी हे कोणालाही दिसायचं. साठ वॅटचा पिवळा बल्ब फ्रिज चालू झाला की डोळा मिचकवायचा, मोटर लावली की मलूल व्हायचा. आता घरभर एलईडी आहेत आणि त्यांच्या आतलं सर्किट व्होल्टेज खालीवर झालं तरी उजेड सारखाच ठेवतं. वीज वाचली, पण घराच्या तारांची तब्येत सांगणारी खूण गेली. साधा मल्टिमीटर अशा क्षणिक पडझडीला फार मंद असतो, आकडा बदलेपर्यंत प्रसंग संपलेला असतो. म्हणून मी माळ्यावरून जुना पिवळा बल्ब काढला, होल्डरला दोन वायरी लावून कॉम्प्युटरच्याच एक्स्टेन्शनवर जोडला, आणि आईला मोटर लावायला सांगितली. बल्ब इतका खाली गेला की आतली तार लाल दिसली. बाबा म्हणाले, "हे तर आमच्या शाळेतल्या प्रयोगासारखं झालं." आणि मशीन बंद पडलं.

इथे थांबून "मोटरमुळे होतं" असं म्हणता आलं असतं, आणि बहुतेक घरांत तिथेच थांबतात. मग मोटर लावायच्या आधी हाक मारायची पद्धत पडते आणि तीच पुढे वर्षानुवर्षं चालते. पण मोटर उन्हाळ्यातही लागत होती. बाबा उन्हाळ्यातही पहाटे टाइप करत होते. तेव्हा काही व्हायचं नाही. मशीन दुपारी चालू असताना मी मुद्दाम मोटर लावून बघितली, तेव्हाही काही झालं नाही. बल्ब तेवढाच मंदावला, मशीन चालूच राहिलं. म्हणजे मोटर एकटी गुन्हेगार नव्हती.

एसएमपीएसमध्ये आत शिरताच विजेचा एक साठा असतो, जाडजूड कपॅसिटरमध्ये. गच्चीवरच्या टाकीसारखं त्याचं काम: नळ मध्येच गेला तरी घरातल्या तोट्या काही वेळ वाहत राहतात. एटीएक्स, म्हणजे घरगुती कॉम्प्युटरच्या रूढ पद्धतीच्या, एसएमपीएसकडून अपेक्षा असते की वीज पूर्ण गेली तरी त्याने भरल्या लोडवर साधारण 16-17 मिलिसेकंद मशीन धरून ठेवावं. आपली वीज सेकंदाला 50 फेऱ्या मारते, म्हणजे एक फेरी 20 मिलिसेकंदांची. तेवढ्या सबुरीवर मोटरचे झटके आणि यूपीएसचं खटकन बॅटरीवर जाणं, सगळं निभावून जातं. ही सबुरी संपली की मशीनला जगातला प्रत्येक धक्का जाणवायला लागतो.

ती संपते उष्णतेने. अशा कपॅसिटरच्या अंगावर 105 अंश, 2000 तास असं काहीतरी मोजमाप असतं. ठोकळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे तोच कपॅसिटर 65 अंशांवर 32,000 तास काढेल. आमच्या सिडकोला लागून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, आणि खिडकीखाली ठेवलेल्या कॅबिनेटच्या पंख्यावर त्या महामार्गाची धूळ गालिच्यासारखी बसली होती. हवा खेळत नाही, आत उकडतं, कपॅसिटरच्या पोटातला द्राव हळूहळू सुकतो. आणि वर थंडी. नाशिकच्या जानेवारीचं काय सांगायचं. शेजारच्या निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आली की इकडे आपल्यालाही कळायचं ते कळतं. गारठ्यात तो उरलासुरला द्राव घट्ट होतो, कपॅसिटरची आतली अडवणूक वाढते आणि साठा आणखी कमी पडतो. तासभर मशीन चाललं, आतून उबदार झालं की तोच कपॅसिटर पुन्हा कामाला लागतो. हिवाळ्यात सकाळी सुरूच न होणारी आणि दहा वाजता उन्हं आल्यावर निमूट चालू होणारी मशीनं नाशकात मी आणखीही पाहिली आहेत. दुकानात ती हमखास चांगली वागतात, कारण दुकान उघडतंच अकराला.

थंडी, सुकलेला कपॅसिटर, सैल तार आणि आईची मोटर, या चौघांची गाठ पडायची ती पावणेसातलाच. एकाला जरी बाजूला काढलं तरी मशीन चालणार. म्हणूनच आधी केलेल्या प्रत्येक उपायाने थोडा फरक पडल्यासारखा वाटला होता. यूपीएसची बॅटरी बदलली तेव्हा आठवडाभर बरं होतं; ती संक्रांत संपून ऊन वाढायची वेळ होती. श्रेय बॅटरीने घेतलं.

एसएमपीएस दुकानात तपासून झाला होता, असं भाऊ म्हणाला. कसा तपासला तेही त्याने पाहिलं होतं. 24 पिनांच्या जोडणीतली हिरवी तार शेजारच्या काळीला क्लिपने जोडायची, पंखा फिरला की एसएमपीएस ओके. ही चाचणी खोटी नाही, पण तिच्यातून फक्त पंखा फिरतो एवढंच कळतं. लोड नसताना पिवळ्या तारेवर 12 व्होल्ट दाखवणारा एसएमपीएस लोड आल्यावर कुठे बसतो, ते चालत्या मशीनवर मोजावं लागतं. 11.4 च्या खाली गेला तर तो बाद. आमचा काठावर होता. मी टॉर्च घेऊन त्याच्या जाळीतून आत पाहिलं, तर मशीनकडे वीज सोडणाऱ्या बाजूच्या दोन छोट्या कपॅसिटरची डोकी फुगलेली स्पष्ट दिसली. 2000 सालानंतर काही वर्षं सदोष कपॅसिटरची साथच आली होती, जगभरचे मदरबोर्ड अशी डोकी फुगून गेले. आमच्याकडे साथ नव्हती, म्हातारपण होतं.

एसएमपीएस मी उघडला नाही आणि तुम्हीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठा शिल्लक राहू शकतो. त्याला हात लावायचा तर ते रोजचं काम करणाऱ्याने लावावा. आमच्या जुन्या शेजारणीच्या एसएमपीएसमध्ये पाल शिरली होती, तेव्हा एका हौशी पोराने पेचकसाने ती काढायचा प्रयत्न केला. पालीचं जे व्हायचं ते आधीच झालं होतं, पेचकसाचं टोक नंतर वितळलं. पोरगा वाचला.

नवा एसएमपीएस आणला, या वेळी कॅबिनेटबरोबर फुकट आलेला नव्हे. कॅबिनेटवरच्या फुकट एसएमपीएसवर 450 वॅट छापलेलं असतं आणि उचलून पाहिलं तर हातात पोकळ डबा धरल्यासारखं वाटतं. लोक प्रोसेसरसाठी आठ दिवस घासाघीस करतात आणि सगळ्याला वीज पुरवणारी वस्तू भेट म्हणून घेतात. मला हे कधीच समजलेलं नाही.

वायरमनकाकांना बोलावलं. स्विचबोर्ड उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता, आणि एक्स्टेन्शनच्या प्लगची एक पिन काळी पडलेली. अर्थिंगची तार तर सॉकेटच्या मागे नुसती लोंबत होती. त्यावर आई म्हणाली, "म्हणूनच मी सांगते, चप्पल घालून हात लावा त्याला." कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात ही आमच्या घरात तक्रार नव्हती, माहिती होती. पाहुण्यांनाही दिली जायची.

त्या झिणझिण्या बहुतेकांना कॉम्प्युटरचा दोष वाटतात. असतो घराचा. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून अर्थला, एक न्यूट्रलपासून अर्थला. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थच तुटलेला असेल तर कॅबिनेटचा पत्रा त्या दोघांच्या मधोमध लटकतो, सुमारे 115 व्होल्टवर. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत खरोखर एखादी तार पत्र्याला लागली, तर तिला जायला वाट नसते. वायरमनकाकांनी तार जोडली आणि मग अंगणात कोपऱ्यातलं झाकण उचललं. त्याखाली मीठ आणि कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा, वरपासून खालपर्यंत कोरडा ठणठणीत.

"वहिनी, याला उन्हाळ्यात पाणी घालता का?"

"त्याला पण घालायचं असतं?" आईने विचारलं. तुळशीला, जास्वंदीला, गाईच्या हौदाला पाणी घालणाऱ्या घरात याला कोणी घातलं नव्हतं, कारण सांगणारा कोणी आला नव्हता. आता आईने त्याला रोजच्या वाटपात घेतलंय.

मशीन सुधारलं, पण भावाचा प्रश्न रास्त होता. एवढं जुनं मशीन धरून ठेवायचं कशाला? विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आमचा चौथ्या पिढीचा. इंटरनेटवरचे व्यवहार अशा मशीनवर करू नयेत, हे मला मान्यच आहे, आणि म्हणून मी त्याची नेटची वायर काढून ठेवली. बँक आणि वीजबिल मोबाइलवर.

मशीन ठेवायचं कारण वेगळं आहे. बाबांनी एक्सपीच्या काळात टायपिंगला सुरुवात केली ती डीटीपीवाल्याने भरून दिलेल्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षर तेच राहावं म्हणून ठरवलेल्या संकेतात, देवनागरी 1991 पासून होती, विंडोज 2000 बरोबर मंगल फॉन्टही आला होता, पण छापखान्याच्या जगात राज्य पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीचं आणि सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमधल्या योगेश, सुरेख अशा फॉन्टचं होतं. त्यांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले असायचे. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की सात पिढ्यांच्या जागी टिंबं-रेघांचं रान दिसतं. नवीन लॅपटॉपवर फाइली कॉपी करणं म्हणजे वंशावळ नेणं नव्हे.

फाइली आधी सुरक्षित केल्या, दोन पेनड्राइव्हवर आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, फॉन्टसकट. खरं तर दुरुस्तीची सुरुवातच यापासून व्हायला हवी. मशीन उठत-बसत असताना कॉपी करणं हे कुठल्याही पार्टपेक्षा महत्त्वाचं. दुकानातल्या फॉरमॅटमधून त्या वाचल्या, त्या केवळ डी ड्राइव्हवर होत्या म्हणून.

आता युनिकोडमध्ये रूपांतर चाललंय. कन्व्हर्टर नव्वद टक्के काम बरं करतात आणि उरलेल्यात अडाण्यासारखे चुकतात. जुन्या फॉन्टमध्ये जे जसं दिसतं तसं टाइप व्हायचं: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे चालतं, वेलांटी नंतर, रफाराचा र आधी. ही अदलाबदल करताना, आणि त्यात अनुस्वार आला की विशेषच, कन्व्हर्टर गोंधळतो. बाबा छापील प्रत मांडीवर घेऊन एकेक नाव तपासतात, मोटर चालू असली तरी. मार्तंड आजोबांचा 'मातर्ंड' झाला होता, तो सुधारला. भिकाजी पणजोबांची वेलांटी सुटून आधीच्या ओळीला चिकटली होती, तिथे त्यांचे चुलते आधीच स्वतःची वेलांटी घेऊन बसलेले. बाबा म्हणाले, "वाटणीत यांचं कधी पटलंच नव्हतं," आणि बॅकस्पेस दाबला.